पादशहाची वाट पाहण्याचा मान

पादशहाने सरदाराला फसवलं. एवढं एक वाक्य पक्कं लक्षात ठेवून पुढचं वाचा. बारामती-इंदापूरकडून आलेल्या माणसाला लोक आधी ऊस किती उंच होता आणि रस्ते कसे होते एवढंच विचारतात. ऊस उंच होता. रस्ते चांगले होते. आता मुद्द्याचं बोलू.

सरदार रायाजीराव हे आमचे मूळपुरुष. नीरेच्या काठचा थोडा मुलूख त्यांच्याकडे होता. पादशहा तेव्हा पादशहा झालेला नव्हता, भावांच्या भीतीने पळत सुटलेला शहजादा होता. रायाजीरावांनी त्याला लपवलं, खाऊ घातलं, माणसं दिली आणि तख्तावर बसवलं. दोघांनी पगड्या बदलल्या, एका ताटात जेवले आणि मरेपर्यंत दोस्तीची शपथ घेतली. पुढे एक परकी फौज नीरेच्या उतारावर, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या जागी, आली, तेव्हा पादशहाने निरोप धाडला: तू उतार धर, मी सकाळी पोचतो. रायाजीरावांनी उतार धरला. पादशहा संध्याकाळी पोचला. त्याचा तळ फक्त दोन कोसांवर होता. तोवर रायाजीरावांची दोन्ही मुलं पडली होती. आमच्या घरात सांगतात की त्यांनी पादशहाकडे एकदा बघितलं, एक शब्दही बोलले नाहीत, बायकोला बरोबर घेतलं आणि थेट वऱ्हाड गाठलं. तिसरं मूल पोटात होतं. आम्ही त्याचे वंशज.

हा पादशहा कुठल्या तख्ताचा? माझे वडील नगरचा म्हणायचे. नीरेकाठच्या वाडीत विजापूरचा म्हणतात. तो उशिरा आला, यावर मात्र दोन्हीकडे एकमत आहे.

मी अकोल्याजवळ जुन्या ट्रॅक्टरांचा व्यवहार करतो. सुरुवात डिझेल पंपाचे नोझल धुण्यापासून केली. लहानपणी आमच्या वडिलांना गल्लीत ‘सरदार’ म्हणत, पण आदराने नव्हे. सरदारांच्या घराला तेव्हा दार नव्हतं, पोत्याचा पडदा होता. आज दार आहे, दारात दोन गाड्या आहेत. पण वडील गेले ते ‘तिकडे आपला मान आहे’ असं म्हणतच गेले, आणि ते ऐकून शेजारचे तोंड फिरवून हसले. ते हसू मी विसरलेलो नाही.

अशात एकदा मोबाईलवर एक व्हिडिओ आला. शेळगाव आणि निरवांगीच्या मधे कुठेतरी असलेल्या एका वाडीची जत्रा. वेशीवर फेटा बांधलेला एक म्हातारा उभा, समोरून जरीचा अंगरखा घातलेला दुसरा म्हातारा जीपमधून उतरतो, दोघे मिठी मारतात, आणि कर्ण्यावरून आवाज येतो: ‘सरदार रायाजीरावांचा मान बिरू तात्यांना!’

“हा कोण बिरू तात्या?” मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की माझी बायको मंदा आतून धावत आली.

“अवो, मान त्यानं नेला म्हून काय झालं?” ती म्हणाली. “तुमी कधी मांगाले गेलते का?”

मग गेलो मागायला. तीही आली. म्हणाली, “तुमी भांडान, मी पाहीन.”

बारामती

बारामतीत शिरताना मला पहिली गोष्ट दिसली ती ट्रॅक्टर. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला, गाण्याचा आवाज इंजिनापेक्षा मोठा, आणि मागचं एक टायर आमच्याकडे आठवडाभरही टिकलं नसतं असं. आमच्याकडे कापसाच्या गाड्यांना घाई नसते, त्या हलक्या असतात. इथला माल जड, म्हणून माणसंही ठाम. लॉजच्या मॅनेजरशी मी रस्त्याकडची खोली नको यावर पाऊण तास घासाघीस केली. शेवटी मागची खोली मिळाली. तिच्या खिडकीखाली पिठाची गिरणी होती. मंदा रात्रभर त्यावरून मला बोलत होती.

सकाळी त्याच मॅनेजरला मी कुठे चाललोय ते सांगितलं. तो गालात हसला.

“म्हंजी पादशाच्या जत्रंला? जावा की. पर एक सांगतो पाव्हणं, आमच्या भागात दोस्ती आन युती येगळी ठिवत्यात.”

“फरक काय?”

“दोस्ती हाय त्येला जेवाय बोलवायचं. युती हाय त्येला अडीच वर्सानी बोलवायचं.” आणि तो समोरच्या टेबलावरच्या पाहुण्याला चहा द्यायला निघून गेला. मला वाटलं, गावठी विनोद आहे. मी हसलो सुद्धा. तो विनोद नव्हता, माहिती होती. पण माझं लक्ष माझ्या पिशवीत होतं. तिच्यात भाटाने लिहून दिलेली आमची वंशावळ होती, लॅमिनेशन करून घेतलेली.

इंदापूर

जाताना भिगवणवरून वळसा घातला, कारण उजनीचे मासे खायचेच असं मंदाने घरूनच ठरवलं होतं. चिलापी तळून आली. तुकडा माझ्या तळहाताएवढा होता. शेजारच्या टेबलावर त्याहून मोठा गेला, तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि बाईंना तुकडे दाखवायला लावले. दुसरा मिळाला. आमच्याकडे नदीचा मासा म्हणजे काटे मोजत खायचं जेवण. इथे धरणाचा मासा पोळीसारखा घडी घालून खाता येतो. एवढं एक मी त्या मुलखाचं मनापासून मान्य करतो.

इंदापूरच्या बाजारात, तहसील कचेरीच्या पलीकडे, इसाकचाचांचं सिमेंटच्या पाइपांचं दुकान आहे. पादशहाचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात आहे. पादशहा सत्तरीचे, पांढरी टोपी, चष्म्याला दोरी. दुकानात एका गुळगुळीत पाइपावर बसून ते एका शेतकऱ्याला सांगत होते की तिरका पाइप परत घेणार नाही. मला माणूस लगेच आवडला, आणि त्याचाच मला राग आला. ज्याच्याशी भांडायचं तो आधी आवडू नये.

मी वंशावळ काढली. त्यांनी ती हातात घेतली नाही.

“भाऊ, तुमी रायाजीरावांचं असाल तर असाल. कागुद कशाला? च्या घ्या.”

“कागद बघितल्याशिवाय कसं मानता?”

“कोन उगाच इतक्या लांबनं दुसऱ्याचं पूर्वज सांगत यील?”

मी अटी मांडल्या. जत्रेला वेशीवर सरदार म्हणून मी उभा राहणार. कर्ण्यावर आमच्या पाच पिढ्यांची नावं घ्यायची. जेवताना पादशहाच्या उजव्या हाताला मी बसणार. मिठी मारताना पादशहाने आधी पुढे यायचं.

“बरं,” इसाकचाचा म्हणाले. “बरं. बरं. व्हय, मीच येतो म्होरं, तशीच रीत हाय.”

चार अटी, चार होकार. माझ्या धंद्यात समोरचा एवढ्या लवकर हो म्हणाला की मी बोनेट उघडून बघतो.

“आणि बिरू तात्या? तीस वर्षं तो मान त्यांच्याकडे आहे म्हणे. ते सोडतील?”

चाचांनी फोन लावला, आवाज मोठा केला. “तात्या, रायाजीरावांचं पाव्हणं आलंत वऱ्हाडातनं. औंदा सरदार त्येंना व्हायचंय.”

पलीकडे म्हैस ओरडली. मग बिरू तात्यांचा आवाज: “व्हय? होऊ द्या की! बेस झालं. माजं गुडघं गेलं, चाचा. सांगा त्येंस्नी, या म्हणावं.”

इतका आनंद मी तरी जुन्या माणसाच्या आवाजात कधी ऐकला नव्हता. माझं गिऱ्हाईक असं बोललं असतं तर मी व्यवहार तिथेच थांबवला असता. पण मान म्हणजे ट्रॅक्टर नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. नंतर कळलं की फरक फक्त रंगाचा असतो.

वाडी, जत्रेचा आदला दिवस

वाडीचं नाव लिहीत नाही. माझा राग वाडीवर नाही.

बिरू तात्यांच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. आता डाळिंब, ऊस आणि सहा गाई. दारात दुधाचे कॅन, ओट्यावर घोंगडी. तात्या उंच, पातळ, हसले की एकच दात दिसतो. गुडघे मला तरी ठणठणीत दिसले. गाईच्या मागे ते माझ्यापेक्षा जोरात धावत होते. रात्री बाजरीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि एक वाटी तूप असं जेवण झालं. आमच्याकडे पाहुण्याला तुपाची धार वाढतात. इथे वाटीच पुढे ठेवतात आणि तो लाजतो का ते बघतात. मी लाजलो नाही.

“तुमचा मुलगा दिसत नाही?” मी विचारलं.

“चेअरमन हाय नव्हं सोसायटीचा. पुण्याला गेलाय. मिटींग हाय.”

“जत्रेला येईल?”

तात्या म्हणाले, “मिटींगवर हाय.” आणि उठून गाईला पाणी दाखवायला गेले. गाईने ते आधीच प्यायलं होतं.

मंदा मात्र चौकात होती. जत्रेचं जेवण दोन्ही घराण्यांच्या बायका एकत्र रांधतात: गव्हाची खीर, आमटी, भात. पादशहाच्या घरची मोठी सून नसीम चुलीपाशी बसून सगळ्यांना हुकूम सोडत होती. तीस-पस्तिशीची, डोक्याला ओढणी घट्ट, आणि आवाज असा की कर्ण्याची गरज नाही. मंदाने तिथे जाऊन दहा मिनिटांत गहू निवडायला घेतला. मला सांगितलं सुद्धा नाही.

त्या संध्याकाळी गावच्या कर्णेवाल्याने मला रीत शिकवली. नाव गणपत. दिवसा किराणा दुकान, जत्रेत आवाज. रीत अशी: जत्रेच्या दिवशी ऊन चढलं की सरदाराने वेशीवर उभं राहायचं. बसायचं नाही, खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. पादशहा तेव्हा दोन कोसांवर एका चिंचेखाली जेवायला बसतो. संध्याकाळी जीपमधून येतो आणि म्हणतो, ‘उशीर झाला, दोस्ता.’

“मग तुमी म्हणायचं, ‘काय हरकत न्हाय.’ मग मिठी. मग ताट. त्येच्या आदी, पोरं सोडली तर, सबंद वाडीत कुनी घास घेत न्हाय.”

“काय म्हणायचं?”

“काय हरकत न्हाय.”

“रायाजीराव असं म्हणाले?”

“आमच्यात तसंच सांगत्यात.”

“आमच्यात सांगतात, ते एक शब्द बोलले नाहीत. म्हणून तर आम्ही वऱ्हाडात आहोत! हरकत नसती तर कशाला गेलो असतो?”

गणपतने माझ्याकडे दयेने बघितलं. “पाव्हणं, तीन शब्द हायत. जेवणासाठी म्हणायचं. फुडं तुमचं तुमी बघा.”

रात्रभर मी ते तीन शब्द तोंडात घोळवले. बाहेर आले नाहीत.

वेस

वेस म्हणजे दोन दगडी खांब आणि त्यांच्यावर एक निवडणुकीचा जुना फलक. सावली फलकाची पडते, ती बरोबर सरदाराच्या जागेपासून दोन पावलं लांब. फेटा बांधला तो माझ्या कानांवर आला आणि तिथेच राहिला. हातात तलवार दिली, ती पत्र्याची. गणपतने माझ्या पाच पिढ्यांची नावं कर्ण्यावर घेतली. चौथं नाव चुकवलं. मी तिथूनच ओरडून दुरुस्त केलं, तेही कर्ण्यावर ऐकू गेलं.

आणि मग सुरू झाली या मानाची खरी चव. चिंचेखालून कोणीतरी गणपतला फोन करतो, आणि गणपत सगळ्या वाडीला, म्हणजे मुख्यतः मला, सांगतो.

“पादशहांच्या ताटात कोशिंबीर पडलेली आहे!”

“पादशहांनी दुसऱ्यांदा भात घेतलेला आहे!”

“पादशहा ताक पीत आहेत! ताकात जिरं आहे!”

लोक हसत होते. पोरं माझ्यासमोर कुल्फी घेऊन उभी राहत होती, कारण सरदाराला चिडवणं हाही रीतीचाच भाग. सरदाराने चिडायचं नाही. माझ्या आधी तीस वर्षं हे सोसणाऱ्या बिरू तात्यांविषयी मला पहिल्यांदा आदर वाटला. ते कुठे दिसेनात.

ऊन कलायच्या सुमारास मंदा छत्री घेऊन आली. छत्री स्वतःच्या डोक्यावर धरून माझ्या शेजारी उभी राहिली.

“पानी देता येत नाई म्हनतात,” ती म्हणाली. “पन सांगता तं येते. तुमाले मान कायले देला ते समजलं मले.”

“काय समजलं?”

तिने चुलीपाशी ऐकलेलं सगळं सांगितलं. सोसायटीच्या निवडणुकीत पादशहाचं घर आणि सरदाराचं घर यांचं एक पॅनेल असतं. दोस्ती जुनी, तसं पॅनेलही जुनं. या वेळी ठरलं होतं, पहिली अडीच वर्षं तात्यांचा मुलगा चेअरमन, पुढची अडीच वर्षं नसीम. इसाकचाचांच्या घरातली सगळी मतं त्याच शब्दावर पडली. अडीच वर्षं कधीच झाली, आता वरचं वर्ष संपत आलंय. तात्यांच्या मुलाने राजीनामा दिलेला नाही. चाचा भेटले की तो म्हणतो, ‘उशीर होतोय चाचा, जरा थांबा.’ आणि चाचा म्हणतात...

“काय म्हणतात?”

“काई हरकत नाई म्हनतात.” मंदाने छत्री फिरवली. “पोरानं दिलेला शब्द अडकला, आन बाप दरसाल इथं उभा राहून पादशाले माफ करते. औंदा त्याले जमत नव्हतं. तवाच तुमी आले, कागद घेऊन.”

म्हणजे माझा मान हा असा होता. ज्या जागेवर उभं राहायची बिरू तात्यांना लाज वाटत होती, ती जागा त्यांनी मला आनंदाने दिली, आणि मी अटी घालून घेतली. पाच पिढ्यांच्या नावांसकट. धंद्यात आजवर इतकं बिघडलेलं इंजिन माझ्या गळ्यात कोणी बांधलं नव्हतं.

“पादशहांनी विडा घेतलेला आहे!” कर्णा म्हणाला. “पान निमगावचं आहे!”

सूर्य उसात उतरत होता तेव्हा जीप आली. सगळी वाडी वेशीत जमली. इसाकचाचा उतरले. अंगात जरीचा अंगरखा, पायात रोजच्याच चपला. थकले होते. दिवसभर ठरवून जेवणंही सोपं नसावं. ते हळूहळू माझ्याकडे आले आणि दोन्ही हात पसरले.

“उशीर झाला, दोस्ता.”

गणपतने माईक माझ्या तोंडाजवळ धरला. म्हणून मी जे बोललो ते शेवटच्या घरातल्या आजारी माणसानेही ऐकलं.

“कुठे होता?”

गणपत कुजबुजला, तेही माईकवरच, “पाव्हणं, काय हरकत न्हाय म्हणायचं.”

“हरकत आहे. सकाळी येतो म्हणून सांगितलं होतं. दोन कोसांवर होता. कोशिंबीर, भात, ताक, विडा, सगळं मला ऐकवलं. माझी दोन मुलं गेली. कुठे होता?”

मी हे रागाने बोललो. पण ‘माझी दोन मुलं’ म्हणताना आवाज गेला, आणि तो फेट्यामुळे गेला असं मी अजून मंदाला सांगतो.

इसाकचाचांचे हात तसेच पसरलेले होते. मग ते खाली आले.

“मी सिमेंटचं पाइप इकतो, भाऊ,” ते म्हणाले. “पादशा कुठं हुता ते मला ठावं न्हाय. आमच्या घरात एवढंच आलंय, उशीर झाला. कशापायी झाला, ते न्हाय आलं. ते आमच्या कुनाला इचारावंच लागलं न्हाय. तुमच्याकडचा माणूस दरसाल म्हणायचाच, काय हरकत न्हाय.”

त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. गर्दीत, दूध डेअरीच्या कट्ट्याशी, बिरू तात्या उभे होते.

“पर वाट बघन्याचं म्हणाल तर ते मला बी कळतंय आता,” चाचा म्हणाले. “वर्स होत आलं. तात्या, चेअरमन कुठं हाय?”

सगळी डोकी वळली. बिरू तात्या पुढे आले, वेशीत, माझ्या शेजारी. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. ओठ हलले. आणि तीस वर्षांची सवय, त्या जागेवर आल्याबरोबर तोंडातून बाहेर पडली.

“काय हरकत न्हाय.”

मग बायकांमधून नसीमचा आवाज आला, खणखणीत.

“तात्या, हरकत आमची हाय. तुमची कशाला न्हाय म्हणताय?”

हसू फुटलं. आधी बायकांचं, मग सगळ्यांचं. मला वाटलं तात्या निघून जातील. गेले नाहीत. मान खाली घालून उभे राहिले आणि सगळं हसू अंगावर घेतलं. इसाकचाचा हसले नाहीत. त्यांनी एक हात तात्यांच्या गळ्यात टाकला, दुसरा माझ्या, आणि म्हणाले, “खीर गार व्हतीया. लोकं उपाशी हायत.”

एका ताटात तिघं जेवलो. अटीप्रमाणे मी उजवीकडे बसलो होतो. खीर चांगली होती, गूळ थोडा जास्त.

निघताना

सकाळी गाडीत सामान टाकत होतो तेव्हा बिरू तात्या दुधाची किटली घेऊन आले. म्हणाले, वाटेत प्या. मग तिथेच उभे राहिले.

“एक सांगायचं हुतं, पाव्हणं. तुमचं खरं हाय. रायाजीराव बोललं न्हाईत. आमच्या घरात ते सांगत्यात, पर भाईर न्हाय सांगत.”

“मग कोण बोललं?”

“आमचा म्हातारा. मेंढरं राखायचा. सरदार पाठ फिरवून गेलं. पादशाची फौज येशीत हुबी, नुकतीच आल्याली. पादशा हात पसरून हुबा, आन समोर कुनी न्हाय. त्या हाताचं काय करायचं ते त्येला कळंना. आमच्या म्हाताऱ्याला वाटलं, ह्यो आता लाजंनं चिडनार आन वाडी जाळनार. मग त्यो म्होरं झाला आन बोलला, काय हरकत न्हाय. फौजंला कोरड्यास-भाकर घातली. वाडी ऱ्हायली.” तात्यांनी किटलीचं झाकण घट्ट केलं. “तवापासनं मान आमच्याकडं. गेलेल्या माणसाच्या जागंवर हुबं ऱ्हायचा मान.”

आमच्या मूळपुरुषाचा बाणेदारपणा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मिरवला. तो गेल्यावर मागे जी वाडी उरली, तिचं काय झालं हे आमच्या वंशावळीत कुठेच नाही. लॅमिनेशन केलेल्या कागदातही नाही. बाणेदार माणूस निघून गेला की त्याच्या बाणेदारपणाचं जेवण दुसऱ्याला रांधावं लागतं.

पण मी बापड्या तात्यांवर विरघळलो, असं कोणी समजू नये.

“तात्या, तुमच्या म्हाताऱ्याने वाडी वाचवायला ते शब्द वापरले,” मी म्हणालो. “तुमचा मुलगा खुर्ची वाचवायला वापरतोय. आणि तेही चाचांच्या तोंडून.”

“ठावं हाय,” तात्या म्हणाले. “म्हणून तर तुमास्नी हुबं केलं. माजं तोंड हुईना.”

“मुलाला सांगा.”

“ऐकत न्हाय.”

“फोन लावा.”

लावला. वाजून वाजून बंद झाला. मग मी नंबर घेतला आणि माझ्या फोनवरून लावला. अनोळखी नंबर म्हणून लगेच उचलला. मी नाव सांगितलं, रायाजीरावांचा वंशज म्हणालो, काल वेशीवर उभा होतो म्हणालो. मग दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज आला: “साहेब मीटिंगमध्ये आहेत. उशीर होईल.”

गाडी सुरू केली. नसीम चौकात भांडी मोजत होती. मंदाने काच खाली केली आणि विचारलं, “आता काय करसान?”

“काय करनार, ताई. दोस्ती हाय, ती न्हाय मोडायची,” ती म्हणाली. “पर औंदापासनं आमच्यात कुनी ‘हरकत न्हाय’ म्हणनार न्हाय. एवढं चाचांकडनं घेतलंय कबूल करून.”

म्हणून हे लिहितोय. पादशहाने सरदाराला फसवलं, हे मी अजूनही म्हणतो आणि मरेपर्यंत म्हणेन. पण पादशहा मेला. त्याला विचारायची सोय नाही, आणि ज्याच्या अंगावर त्याचा अंगरखा चढवतात तो माणूस दुसऱ्याच्या चुकीसाठी दरवर्षी सगळ्यांसमोर ‘उशीर झाला’ म्हणतो. सरदाराच्या बाजूने चारचौघांत एवढंही कोणी म्हणालेलं नाही. सरदाराचा मान ज्या घरात आहे, त्या घरातला चेअरमन जिवंत आहे. त्याच्याकडे गाडी आहे, फोन आहे, आणि पुण्याहून सकाळी निघालं तर वाडीत जेवणाच्या आधी पोचता येतं. मी एक दिवस त्या जागेवर सरदार म्हणून उभा राहिलो, उन्हात, पाण्याशिवाय, पाच पिढ्यांची नावं घेऊन, त्यामुळे विचारायचा अधिकार मला आहे.

चेअरमन, तुमचे वडील आजवर वेशीवर उभे राहत आले आणि एक बाई वर्षभर तुमच्या शब्दाची वाट बघते आहे. तुम्ही कुठे आहात?